लग्नाची पन्नाशी ताजमध्ये : न्या, पण दोघांनाच राहू द्या

प्रश्न : माझं माहेर सांगलीचं. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांचं वय ७६, आईचं ७१. येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. लग्नानंतर दोघं फिरायला म्हणून कुठं गेलेच नाहीत. घरात आजी-आजोबा, दोन काका, आत्या. गेले ते नरसोबाच्या वाडीला नाहीतर जोतिबाला, तेही सगळ्यांना घेऊन. साठवलेल्या पैशांतून त्यांना मुंबईच्या ताजमध्ये शनिवार-रविवार ठेवायचं माझ्या मनात आहे. लहानपणी आम्ही गेटवेला गेलो की अण्णा त्या इमारतीकडं बघत उभे राहायचे, ते मी विसरलेले नाही. पण वहिनी म्हणते, एवढ्या पैशात छतावर सोलर बसेल. आई म्हणते, तिथं ते अतिरेकी घुसले होते ना, नको बाई. आई साधी सुती साडी नेसते, अण्णा पायजमा-सदरा आणि टोपी. तिथं ते अवघडून जातील का, याची मला धास्ती वाटते. पैसे कळले तर अण्णा यायचेच नाहीत, म्हणून ‘कंपनीकडून कूपन मिळालं’ असं सांगावं का? आणि सोबत आम्ही चौघांनी, म्हणजे मी, नवरा आणि मुलांनीही राहावं का?
— एक लेक, पुणे

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. तुम्ही सोबत राहू नका. आई-अण्णांना न्या, खोलीपर्यंत सोडा आणि निघा.

मी बरीच वर्षं मोठ्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला काढली. आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून आलेली कुटुंबं चेक-इन करताना पुष्कळ पाहिली. दोन खोल्या घेतलेल्या असतात, एका खोलीत जादा पलंग. संध्याकाळपर्यंत नातवंडं आजीच्या खोलीत गोळा होतात. आजी त्यांना भरवत बसते, आजोबा कुणाची तरी चप्पल शोधत असतात, आणि रात्री जेवायला बसल्यावर मुलगा सगळ्यांसाठी ऑर्डर देतो. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते दोघं घरी असतात तसेच इथंही राबत असतात. तुमच्या पत्रात मला सगळ्यात भिडलं ते हे की ५० वर्षांत त्या दोघांना एकमेकांसोबत म्हणून कुठं जाताच आलं नाही. तुम्ही त्यांना द्यायला निघालात ती हीच गोष्ट, आणि ती त्यांना पुरेपूर मिळू द्या. तुम्ही चौघं मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडं राहा. शनिवारी दुपारी खोली ताब्यात मिळाली की त्यांच्यासोबत एक चहा घ्या, खोलीतलं काय कुठं आहे ते दाखवा आणि निरोप घ्या. रविवारी अकरा-साडेअकराला परत या. मधल्या वेळात फोनही करू नका. काही लागलं तर ते करतील.

आता वहिनींच्या सोलरबद्दल. त्यांचं म्हणणं वाईट नाही, सोलर उपयोगाचाच आहे. पण तो घराला लागतो, आणि घराला लागेल ते आई-अण्णांनी आयुष्यभर आणलं. या वेळची भेट त्या दोघांची असू दे. सोलर दिवाळीला भावानं आणि तुम्ही मिळून बसवा. वहिनींना तसं आत्ताच सांगा, म्हणजे त्यांच्या सूचनेचा मान राहील आणि घरात तेढही राहणार नाही.

कुपनाची थाप मात्र मारू नका. एक तर ती टिकणार नाही. खोलीत मेनू ठेवलेला असतो, त्यावर दर असतात. ज्या माणसानं बांधकाम खात्यात जन्मभर एस्टिमेटं तपासली, तो एका चहाचा दर पाहून खोलीचा अंदाज दोन मिनिटांत बांधेल. मग ती रात्र हिशेबात जाईल, आणि लेक खोटं बोलली हे वेगळंच सलेल. आधीच सांगा, खरा आकडा सांगा, एकदाच सांगा. ‘अण्णा, हे पैसे मी याच कामासाठी बाजूला टाकलेत, कर्ज नाही, कुणाचे नाहीत’, एवढं म्हणा. ते चिडतील, दोन दिवस ‘कशाला’ म्हणतील. तिसऱ्या दिवशी आईला विचारतील, कोणती साडी नेसणार आहेस.

दोन रात्रींचा विचार सोडा, एकच रात्र ठेवा, आणि वाचलेल्या पैशातून खोली चांगली घ्या. ताजमध्ये दोन भाग आहेत. जुना दगडी भाग म्हणजे पॅलेस विंग, आणि शेजारचा उंच मनोरा म्हणजे टॉवर, तो १९७३ चा. टॉवरमधली खोली स्वस्त पडते आणि तिथंही काही कमी नसतं. पण अण्णा गेटवेवर उभं राहून बघायचे ती इमारत जुनी. त्यांना तिथंच ठेवा. खोली समुद्राकडची घ्या. शहराकडच्या आणि समुद्राकडच्या खोलीच्या दरात बराच फरक असतो, आणि एरवी मी लोकांना सांगते की खिडकीत बसायला वेळ नसेल तर हा फरक भरू नका. तुमची गोष्ट वेगळी आहे. मुंबईत समुद्र म्हटला की मावळतीचा सूर्य डोळ्यांपुढं येतो, पण हे हॉटेल शहराच्या पूर्वेच्या अंगाला, बंदराकडं तोंड करून आहे. इथं सूर्य पाण्यातून वर येतो. मे महिन्यात तो सहाच्या सुमारास उगवतो, आणि त्या वयाची माणसं पाचला जागी असतातच. गेटवेच्या कमानीमागं उजाडत जातं, नांगरलेल्या लाँचेस हळूहळू दिसायला लागतात, कबुतरं उठतात. त्या खिडकीचे पैसे पुरते वसूल होणारी माणसं तुमच्या आई-अण्णांसारखीच असतात.

दराचं थोडं सांगते. संकेतस्थळावर दिसणारा आकडा बहुधा कराशिवायचा असतो. एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे समजा भाडं २५ हजार दिसलं, तर ४,५०० कर धरून २९,५०० होतात. नाश्ता धरलेला दर आणि फक्त खोलीचा दर वेगळा असतो, नाश्ता धरलेलाच घ्या. आगाऊ पैसे भरून ‘रद्द केल्यास परतावा नाही’ असा दर स्वस्त दिसेल, तो घेऊ नका. ७६ वर्षांच्या माणसाला आदल्या दिवशी ताप येऊ शकतो. रद्द करता येणारा दर थोडा महाग पडला तरी तोच बरा. मे महिना मुंबईत हिवाळ्याइतका गर्दीचा नसतो, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीपेक्षा दर बरा मिळण्याची शक्यता आहे. पुढच्या-मागच्या शनिवारचे दरही पाहा, वाढदिवस चार दिवस इकडंतिकडं साजरा झाला तर काही बिघडत नाही. मात्र तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय बघा. त्या शनिवारी किंवा रविवारी एकादशी नाहीतर संकष्टी आली, तर आई नाश्त्याच्या टेबलावर फळं खात बसेल.

बुकिंग थेट हॉटेलकडं करा आणि नंतर फोन करून पुढच्या गोष्टी नोंदवून घ्या. पन्नासावा लग्नवाढदिवस आहे हे सांगा. अशा वेळी हॉटेलं बहुतेकदा खोलीत केक पाठवतात, तेव्हा तो बिनअंड्याचा हवा हेही त्याच फोनवर सांगा. नंतर आठवण होऊन उपयोग नाही. लिफ्टजवळची खोली मागा. गुडघ्याचं दुखणं असेल तर लांब कॉरिडॉर चालणं नकोसं होतं. बाथरूमबद्दल मात्र खोदून विचारा. जुन्या हॉटेलांत बाथटब असतो, त्याचा काठ ओलांडून आत उभं राहायचं आणि शॉवर घ्यायचा. ओल्या पायांनी तो काठ ओलांडताना वयस्क माणसं घसरतात. वेगळा शॉवर आणि धरायला दांडा असलेली खोली मागा. नाहीच मिळाली, तर टबमध्ये अंथरायची रबरी चटई आणि बाहेर बसायला स्टूल, बादली, मग मागवा. हाउसकीपिंगला हे रोजचंच असतं, कुणी भुवया उंचावत नाही. आईला बादलीनं आंघोळ करायची सवय असेल तर ती तशीच करू दे.

खोलीत गेल्यावर तुम्ही पाच मिनिटं काढून तीन गोष्टी अण्णांच्या हातानं करवून घ्या. दाराचं कार्ड लावणं आणि ते दाराजवळच्या खाचेत ठेवल्यावर दिवे लागणं. शॉवरचा एकच खटका असतो, तो कुठं फिरवला की गरम पाणी येतं. आणि पलंगाजवळच्या बटनांतून रात्रीचा एकच मंद दिवा कसा ठेवायचा. तुम्ही करून दाखवू नका, त्यांना करू द्या. रात्री दोनला अंधारात बाथरूम शोधताना हेच उपयोगी पडतं. एसी २५ वर ठेवून द्या. मधुमेहाचं इन्सुलिन असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवा. त्या फ्रिजमधलं किंवा वरच्या ट्रेमधलं काय फुकट आणि काय विकतचं, ते विचारून घ्या. सहसा पाण्याच्या साध्या बाटल्या आणि चहा-कॉफीचं सामान मोफत असतं, बाकीचं बिलात येतं. सकाळी पाचचा चहा किटलीतल्या पिशवीवर भागत नसेल, तर रूम सर्व्हिसला फोन करून ‘उकळलेला चहा, आलं घालून’ असं मराठीत सांगायचं. मुंबईतल्या हॉटेलात मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच. अण्णांना इंग्रजीत बोलायला लावू नका, आणि तुम्हीही काउंटरवर उगाच इंग्रजीत सुरू होऊ नका.

यावरून कपड्यांकडं येते. ताई, पत्र दोनदा वाचलं. अवघडून जाण्याची भीती आईनं बोलून दाखवलेली नाही, अण्णांनीही नाही. ती तुमची आहे. मी ती समजू शकते, काचेच्या दारापाशी सलाम ठोकणारा उंच माणूस दिसला की आपणच आधी बावरतो. पण त्या दारातून सुती साडी, टोपी, पायजमा-सदरा रोज आत जातात. हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये हरकत घेतात ती सहसा हाफ पँटला आणि रबरी स्लिपरला. आईला नवी रेशमी साडी घेऊन देऊन ‘ही नेस’ म्हणू नका. ज्या साडीत ती सहज वावरते तीच बरी. तुम्ही त्यांच्याभोवती धावपळ करत ‘इथं बसा, तिकडं नको, हळू बोला’ सुरू केलंत, तरच ते अवघडतील. कर्मचाऱ्यांच्या बाजूनंही सांगते. शांतपणे नमस्कार करून बोलणारे वयस्क पाहुणे आमच्याकडं सगळ्यांचे आवडते असायचे.

आईच्या भीतीला ‘काही होत नाही गं’ म्हणून उडवून लावू नका. २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेला तो हल्ला २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला आणि आपण सगळ्यांनी तो घुमट जळताना टीव्हीवर पाहिला. आईच्या मनातलं ताज तेच आहे. तिला सांगा, जळालेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला, आणि तेव्हापासून तिथं लोक येतात, राहतात. आत शिरताना बॅगा यंत्रातून जातील, आपल्यालाही चौकटीतून जावं लागेल, हे आधीच सांगितलं तर दारात दचकायला होत नाही. त्या हल्ल्यात जीव गमावलेल्यांच्या नावांचं स्मारक हॉटेलात आहे. आईला तिथं हात जोडून उभं राहावंसं वाटेल, तर राहू द्या. एवढ्यावरही तिचं मन घेत नसेल, तर हट्ट धरू नका. मुंबईत दुसरी चांगली हॉटेलं आहेत, आणि भीत भीत काढलेल्या रात्रीला काही अर्थ नाही.

ती तयार झाली, तर अण्णांसाठी मात्र ही इमारत म्हणजे मोठी मेजवानी आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. समोरचा गेटवे पूर्ण झाला १९२४ मध्ये. म्हणजे वीस-एक वर्षं हे हॉटेल गेटवेशिवायच उभं होतं. जमशेटजी टाटांनी ते बांधून घेतलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, हे फार कुणी सांगत नाही. त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा, आणि काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्यानं. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्यानं आर्किटेक्टनं जीव दिला, ही गोष्ट अण्णांनीही कधीतरी ऐकली असेल. ती दंतकथा आहे. दर्शनी दार पूर्वी शहराच्या बाजूला होतं, हल्ली पोहण्याचा तलाव आहे त्या अंगाला. तेव्हा रचनाच तशी होती. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं रुग्णालय होतं. मधल्या मोठ्या जिन्यापाशी अण्णांना वेळ द्या. घुमटाखालून मजल्यामजल्यावर वळत जाणारा तो जिना खालून मान वर करून बघायचा, मग लिफ्टनं वर जाऊन कठड्यावरून खाली बघायचा, आणि दगडी पायऱ्या भिंतीतून कशा बाहेर काढल्यात ते शोधायचं. राहायला आलेल्या पाहुण्यांना हॉटेलची माणसं जुना भाग हिंडून दाखवतात. बुकिंगच्या फोनवरच वेळ विचारून दोघांची नावं घाला. आईला कंटाळा आला तर ती सी लाउंजमध्ये, म्हणजे हॉटेलातल्याच चहापाण्याच्या दालनात, खिडकीशी बसेल. अण्णांना मात्र शेवटपर्यंत जाऊ द्या.

बाकी मुंबईदर्शन नको. घारापुरीला तर मुळीच नको, मे महिन्याच्या उन्हात लाँच आणि वर १२० पायऱ्या, गुडघे दोन दिवस बोलतील. ज्या खोलीचे इतके पैसे मोजले तिच्यात दुपारी दोन तास झोपणं हा वेळ वाया घालवणं नाही. संध्याकाळी दोघं खाली उतरून गेटवेपर्यंत चालत जातील, परत येतील, तेवढं पुरे. रात्रीचं जेवण त्यांना हवं तिथं घेऊ द्या. एखाद्या रेस्टॉरंटमध्ये तुम्ही आधीच टेबल राखून ठेवू नका. वरण-भात आणि दही खोलीत मागवून लवकर झोपावंसं वाटलं तर तीही चांगलीच संध्याकाळ.

पैशांच्या बाबतीत चेक-इनच्या वेळी एक काम विसरू नका. सगळा खर्च तुमच्या कार्डावर घ्यायला सांगा आणि तशी सूचना लिहून घ्यायला लावा. हॉटेल त्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं आणि हिशेब झाल्यावर ती सोडतं, ती तुमच्या खात्यात असू द्या. नाहीतर रविवारी सकाळी बिल अण्णांच्या हाती पडेल आणि ते पाकीट काढतील. दोघांची आधार कार्डं लागतील. पॅन कार्डावर पत्ता नसल्यानं ते सहसा चालत नाही. टिपेचं म्हणाल, तर खुशी असेल ते द्यावं. रेस्टॉरंटच्या बिलात सेवाशुल्क लावलेलं दिसलं, तर ते देणं सक्तीचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तसं सांगितलं आहे, सभ्यपणे काढायला सांगता येतं.

राहता राहिला प्रवास. सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीचं यायचा विचार असेल तर बदला. ती सकाळी लवकर सीएसएमटीला सोडते आणि खोली मिळते दुपारी दोनला. रात्रभर नीट न झोपलेले आई-वडील लॉबीतल्या सोफ्यावर डुलक्या घेताहेत आणि मुलं काउंटरवर ‘बघा ना, लवकर मिळते का’ म्हणताहेत, हे दृश्य मी फार वेळा पाहिलंय. हॉटेल भरलेलं असेल तर काउंटरवरच्या माणसाच्या हातात खरंच काही नसतं. त्यापेक्षा त्यांना शुक्रवारी दुपारीच पुण्याला तुमच्याकडं आणा. रात्री नीट झोपू द्या. शनिवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरा, डायनिंग कारमध्ये ऑम्लेट नाहीतर कटलेट खात घाट उतरा. साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं हॉटेल जेमतेम अडीच किलोमीटर. बॅगा बेल डेस्कला, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरला ठेवा, चिठ्ठी घ्या, आणि जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तासभर काढा. गेटवेचा आणि या संग्रहालयाचा आर्किटेक्ट एकच, जॉर्ज विटेट, हेही अण्णांना सांगायला हरकत नाही. तिथून जेवून हॉटेलात याल तोवर खोली तयार असेल. रविवारी बाराला खोली सोडायची असते. तासभर जास्त मिळतो का ते शनिवारी रात्रीच विचारून ठेवा, बॅगा पुन्हा बेल डेस्कला राहतील, आणि संध्याकाळी ५.१० ची डेक्कन क्वीन परतीला आहेच. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या असतात आणि शनिवार-रविवारी या गाडीच्या खुर्च्या भराभर जातात, तेव्हा आरक्षण उघडेल त्याच दिवशी जाण्याचं आणि येण्याचं तिकीट काढा. तिकीट हाती आल्यावर मग हॉटेलला फोन करा.